मेले म्हणजे वर

कोरमंगला, बेंगळूर
नोव्हेंबर १९९८

प्रिय बसवंत,

अनेक आशीर्वाद. पत्र बघून दचकू नकोस. रविवारी फोन होत असताना आक्काला लिहायची हुक्की कशी आली, असं तुला वाटेल. पण फोन हॉलमध्ये आहे, आणि हॉलमध्ये तुझी भाची असते. मी बोलायला लागले की पुस्तकातून मान वर न काढता सगळं ऐकते. म्हणून भव्या कॉलेजला आणि तुझे दाजी देवनहळ्ळीला गेल्यावर स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे. मला भीती वाटते, बसवंत. भव्यासाठी वाटते, आणि त्या तुमच्या नाकतोड्याची वाटते.

मागच्या वर्षी तू मस्कतहून आलास तेव्हा ह्यांनी ती चार चाकांची मोटरसायकल, तुम्ही एटीव्ही म्हणता ती, जुनी विकत घेतली होती. देवनहळ्ळीची सासऱ्यांची जमीन, चकोत्याची, म्हणजे आपल्या पपनसाची, थोडी झाडं, मागे खडकाळ टेकडी. शहरातल्या कंप्युटरवाल्या पोरांना रविवारी तिथे फिरवायचं असा ह्यांचा बेत. तेव्हा ती गाडी कासवासारखी जमीन धरून चालायची आणि दगडावर पोट घासलं की रुसून बसायची. तू खाली वाकून बघितलंस आणि म्हणालास, हिला जरा उंच करूया. झालं! परत गेल्यावर लिफ्ट किट पाठवलंस, महांतेश मेकॅनिकने ते बसवलं, आणि कासवाचा नाकतोडा झाला. नाव भव्यानेच ठेवलं. नुसते पायच पाय, आणि वर बसलेली आपली पोर.

मला यंत्रातलं कळत नाही, पण डोळे आहेत. आधी चाकांकडे जाणारे दांडे आडवे, सरळ असायचे. उंच केल्यापासून ते तिरके उतरायला लागले. चाकाजवळ जो बॉल जॉइंट असतो, त्याच्यावरची रबरी टोपी एका बाजूने ताणलेली दिसायची. मग ती फाटली. नवी घातली, तीही फाटली. आत तिथली लाल माती जायची, ग्रीस बाहेर यायचं, आणि वळताना कटकट आवाज. मनगट वाकडं ठेवून रोज भरलेली बादली उचलली तर हात दुखायला लागणारच, तसंच ते मला वाटायचं. महांतेशला विचारलं. तो बेळगावकडचा, बोलायला गोड. माझ्यासमोर म्हणायचा, “झिजतंय की अक्का, तिरकं झालंय न्हवं.” ह्यांच्यासमोर म्हणायचा, “काय होत न्हाई सर, धूळ हाय नुसती.” खरं कुठलं ते त्यालाही ठाऊक नसावं. ह्यांचं तर ठरलेलं, प्रतिमा, स्वल्प धीर धर. लग्न झाल्यापासून मी स्वल्प धीरच धरते आहे.

शेवटी भव्याने तुलाच फोनवर विचारलं, किटमुळे गाडी झिजते का? तू हसलास म्हणे. म्हणालास, किटमुळे काही झिजत नाही, आईला सांग ग्रीस लावायला. ते वाक्य तिने असं माझ्या तोंडावर फेकलं की विचारू नकोस. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची पोर, तिला आईपेक्षा मामाचं पटणारच.

आता त्या ‘मेले’च्या किश्शाकडे येते. तू तो तिच्याकडून ऐकलास आणि पोट धरून हसलास. आहेच तो हसण्यासारखा. कानडीत मेले म्हणजे वर. हे मला कळू नये, एवढी काही मी काल इथे आले नाही. टाकी मेले, डबा मेले, दिवसभर तोंडात असतं. पण त्या रविवारी राखणदाराची बायको मुनियम्मा हिने देवनहळ्ळीच्या बूथवरून फोन केला. लाइनीत खरखर, ती रडवेली. “अक्का, इब्बरू मेले… गाडी निंतोय्तु.” इब्बरू म्हणजे दोघं, कळलं. गाडी थांबली, तेही कळलं. आणि मधला तो एकच शब्द मला आपल्या गारगोटीच्या मराठीत ऐकू आला. दोघं मेले. जीव घाबरला की माणूस माहेरच्या भाषेतच ऐकतं रे, त्याला मी काय करू?

शेजारच्या सत्यनारायण अण्णांनी गाडी काढली. काय झालं म्हणून ते विचारत होते आणि मी नुसतं मेले, मेले करत होते. तो भला माणूस गिअर टाकत मला विचारतो, “मेले एल्ली, अम्मा?” वर कुठे? मला वाटलं, मेलेली माणसं कुठे जातात ते हा मला विचारतोय. हेब्बाळ ओलांडल्यावर कधीतरी डोक्यात प्रकाश पडला. अण्णाही हसले, मीही हसले. इथपर्यंत भव्याने तुला रंगवून सांगितलं. पुढचं सांगितलं नाही.

मुनियम्मा उगीच रडत नव्हती. टेकडीवर, पलीकडच्या अंगाला, जुनी दगडखाण आहे. आठवते ना, तिथे उभं राहून तू फोटो काढून घेतला होतास. त्या खाणीच्या काठावर नाकतोडा तिरका उभा होता, दोराने झाडाला बांधलेला. पुढचं एक चाक आडवं पडलं होतं. झिजून झिजून जॉइंटची गोळी वाटीतून निसटली, आणि निसटली ती भव्या काठावर वळवत असतानाच. गाडी खाणीकडे घसरायला लागली. मागे बसलेल्या ह्यांनी उडी टाकली, मागची जाळी दोन्ही हातांनी धरली, टाचा रोवल्या, आणि पुढे झुकू नकोस, मागून उतर, असं तिला सांगत राहिले. ती उतरली. मग दोघांनी मिळून गाडी बांधली आणि आवाज ऐकून वर धावत आलेल्या मुनियम्माला महांतेशला बोलवायला पिटाळलं. तिने घाबरून आधी मलाच फोन लावला. मी पोचले तेव्हा दोघं एका खडकावर बसली होती, एकमेकांकडे न बघता. ह्यांच्या तळहातांची कातडी सोलून निघाली होती. भव्याने मला बघितलं आणि लहानपणी यायची तशी कुशीत आली. संध्याकाळी ती तुला हसत हसत किस्सा सांगत होती ना, तेव्हा रिसीव्हर मी धरला होता. तिच्या हातात तो राहत नव्हता.

तेव्हापासून घरात त्यावर कुणी बोलत नाही. मामाला सांगायचं नाही, असं बापलेकीचं ठरलं आहे. तुला वाईट वाटेल म्हणून. हे जेवताना मधेच हात उघडून बघतात आणि मिटून घेतात. पण तिला नाही म्हणायची ह्यांची छाती होत नाही, आणि महांतेश आता कुणाहीसमोर काहीच बोलत नाही. गाडीला नवे जॉइंट आलेत. भव्या पुन्हा तिच्यावर बसते. पडले त्याच जागी उभं राहायला हवं म्हणते. मी दारात उभी राहून फोनची वाट बघते आणि फोन येऊ नये असंही म्हणते.

आणि परवा तिच्या मैत्रिणीकडून कळलं. जानेवारीत डोंगरचढणीची शर्यत आहे, भव्याने नाव दिलं आहे, आणि डिसेंबरात येताना तू आणखी उंच किट आणतो आहेस. तुला खाणीचं ठाऊक नव्हतं, म्हणून तू हो म्हणालास. आता ठाऊक झालं. ते किट बॅगेतून काढ, त्या जागी खजूर भर, नाहीतर रिकामा ये. आणि भव्याला तुझ्या तोंडाने सांग की उंच केलं की झिजतं. माझं तिने ऐकलं असतं तर हे पत्र लिहिलंच नसतं. मुनियम्माकडे वर या अर्थाचा दुसरा शब्द नाही, बसवंत. पुन्हा तिचा फोन आला, तर तिचं ‘मेले’ कुठल्या भाषेतलं, हे मला तिला विचारावं लागू नये. एवढंच बघ.

तुझीच,
आक्का