आंब्याच्या फळ्या, सागाचा रंग

२६ नोव्हेंबर १९४४, हरिपूर

आले एकदाची. दहिवडीपासून मोटारीत अंग खिळखिळं झालं, पण सांगलीला टांग्यात बसले आणि सगळा शीण गेला. आमच्या माण तालुक्यात पाहावं तिकडे कुसळं नि मेंढरं. इथे रस्त्याशेजारून कृष्णा वाहते, उसाचे मळे संपता संपत नाहीत, आणि वाऱ्यालासुद्धा हळदीचा वास. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ही पलटणीतली कोरी डायरी दिली आणि रोज लिहायला सांगितलं. सुभेदारांचा हुकूम, मोडायचा कसा?

लग्न साधंच झालं. दुसरेपणाचं आणखी कसं होणार? माझी थोरली बहीण विजयमाला, आमची अक्का, याच घरात नऊ वर्षं नांदली. गेल्या वैशाखात ती हळदीच्या पेवात पडून गेली. नातं तुटू नये म्हणून आबांनी तिच्या जागी मला दिलं. मी रडतकढत आलेले नाही. अक्काचं घर ते माझं घर.

निघताना आईने अक्काचा चांदीचा टाक, तिचं तोंड कोरलेला पत्रा, माझ्या गळ्यात बांधला. पहिली गेल्यावर जी येते, तिने पहिलीचा टाक घालायचा, नवं लुगडं आधी त्याला दाखवायचं, मग नेसायचं. शालू, टाक गळ्यातनं काढू नगंस, म्हणाली, जितेपणी ती तुझी बहीण हुती, आता सवत हाय. मला हसू आलं. जिने मला कडेवर घेऊन सगळं गाव फिरवलं, ती कसली सवत.

२८ नोव्हेंबर

आमच्या निजायच्या खोलीची शोभा सांगते. खोलीला खिडकी नाही, दिवसाही चिमणी लावावी लागते. तिच्या भिंतींना गुंडा सुतार लाकडी फळ्या मारतो आहे, जमिनीपासून पुरुषभर उंच. यांनी कोल्हापुरात कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यात तसं पाहिलं म्हणे. सागवान सगळं लढाईने गिळलं, म्हणून फळ्या साध्या आंब्याच्या. पण गुंडा त्यांवर तपकिरी रंगाचा हात देतो आणि तो ओला असतानाच पत्र्याच्या फणीने अशा रेघा ओढतो की सागालाही आपली भावंडं वाटावीत. मधेच अंगठा दाबून फिरवला की झाली लाकडातली गाठ. मी तासभर बघत उभी होते. सगळं घर सोडून हीच खोली का, असं विचारलं तर हे म्हणाले, ओल येते.

दुपारी पेवं दाखवली. जमिनीत खोल, तोंड लहान, पोट मोठं. हळद आत घालून वरून तोंड मातीने लिंपतात, ती वर्षानुवर्षं टिकते. इकडे अशी रीत आहे म्हणे की पेव फोडलं की पहिल्यांदा घरच्या लक्ष्मीने आत उतरायचं आणि हळदीची पूजा करायची. अक्का तशीच उतरली होती आणि शिडीवरून पाय सटकला. सांगताना यांचा आवाज जड झाला. मलाच यांची कीव आली.

३० नोव्हेंबर

टाक हरवला. यांना तो पहिल्यापासून खुपत होता. नव्या बायकोच्या गळ्यात जुनीचं तोंड कशाला, म्हणाले आणि काल निजताना स्वतःच काढून कोनाड्यात ठेवला. गुंडा सकाळीच येऊन कोनाड्यावरची फळी ठोकून गेला. आत राहिला असंल, त्याला काय हुतंय, असं म्हणून हे हसले. मला राग आला. ठोकलेली फळी उचकटता येते की. पण नव्या नवरीने किती बोलावं? आईला कळवणार नाही, ती उगाच जीव टांगून बसेल.

३ डिसेंबर

खोलीत चिमणी टिकत नाही. तेल भरलं, वात बदलली. भिंतीजवळ नेली की ज्योत निळी होते, बारीक होते आणि जाते. तिथून चार पावलं मागे आले की नीट जळते.

अजून फळ्या न मारलेला एक कोपरा आहे. तिथे गादी सरकवताना भिंत दिसली. पांढऱ्या चुन्यावर लालभडक डाग. ओलीचे डाग काळे असतात, हिरवट असतात, लाल कुठले? मग उमगलं. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे कुठल्याही बाईला ठाऊक असतं. भिंतीवर आधी पिवळं काहीतरी उमटलं, ते झाकायला चुना दिला, ते लाल झालं, आणि आता लाल झाकायला लाकूड.

डाग हातांचे आहेत. तळवे वरच्या अंगाला, बोटं फाकलेली. खालून वर चढू बघणाऱ्या माणसाचे असावेत तसे.

५ डिसेंबर

गुंडा काम टाकून गेला. काल रंगवलेल्या फळ्यांवर सकाळी नव्या गाठी होत्या. आधी मला वाटलं त्यानेच काढल्या. तो शपथेवर सांगू लागला की आवं बाई, ही गाठ माज्या अंगठ्याची न्हाई, बारीक बोटाची हाय. पाच इथे, पाच तिथे, भिंतभर. बोटाने खरवडलं तर तपकिरी रंगाखालून पिवळं आलं, आणि ते ओलं होतं. त्याने फणी आणि डबा तिथेच टाकला.

हे दुपारी जेवून त्या खोलीत पडतात. आज घुसमटून उठले, डोळे बाहेर आलेले, घसा धरलेला. हळद जाळतंय का कोण, असं ओरडत अंगणात पळाले. मी शेजारीच बसून सुपारी कातरत होते. मला काहीसुद्धा झालं नाही. वास होता, पण तो मला अक्काच्या पदरासारखा वाटला.

८ डिसेंबर

आज जे ऐकलं ते लिहिते. 

रंगूबाई आमच्या खळ्यावर हळद निवडायला येते. मी तिला सहज म्हटलं की पुढचं पेव फोडतील तेव्हा पूजेला मला उतरायचं आहे, शिडी तेवढी नीट धर. तिच्या हातातलं सूप खाली पडलं. म्हणाली, असली रीत न्हाई बाई. बाईमाणूस पेवात कवाच उतरत न्हाई. पेव फोडलं की दिवसभर तोंड उघडं ठेवत्यात, मग दोरीनं कंदील सोडत्यात. कंदील इझला तर गडीबी उतरत न्हाई. आत वारा मेलेला असतुया, माणूस शिडीवरच मरतंय. हे इथल्या शेंबड्या पोराला ठावं हाय.

हरिपुरातल्या पोराला ठाऊक. माणातल्या बाईला कसं असणार? नऊ वर्षांत यांनी अक्काला खळ्याकडे फिरकू दिलं नव्हतं, असंही रंगूबाई म्हणाली. आमच्याकडे पेवही नाही आणि हळदही नाही.

अक्का गेली त्या दिवशी सगळ्या हमालांना सुट्टी दिली होती. अक्का नऊवारी नेसून, ओटीचं ताट घेऊन, हसत उतरली. रंगूबाई खळ्यामागे होती. आतून एकदाच हाक आली. यांनी वाकून पाहिलं आणि झाकण ओढून घेतलं. रंगूबाई म्हणाली, मी गरीब, माझी पोरं त्यांच्याच मळ्यात राबत्यात, कुणाम्होरं बोलू?

मला सगळं कळलं. अक्काला मूल नव्हतं. ती जिवंत असेपर्यंत तिच्यावर सवत आणणार नाही, असा शब्द आबांनी या माणसाकडून घेतला होता. त्याने शब्द पाळला. आणि आबांनी आपल्या हाताने त्याला दुसरी मुलगी दिली.

अक्का अंगभर पिवळी निघाली होती. भाग्याची गं, हळद लागूनच गेली, असं तेव्हा बायका म्हणाल्या होत्या. त्यात मीही होते.

९ डिसेंबर

नवऱ्याचं नाव घेऊ नये. लालासाहेब. घेतलं. लालासाहेब, लालासाहेब. जीभ झडली नाही.

मी त्याला वाढते, पाणी देते, आणि त्याच्या गळ्याकडे बघते. पळून जाता येईल. टांगेवाला त्याचा, तरी चालत जाईन. पण मी गेले की हा तिसरी आणील, तिलाही रीत सांगेल.

खोलीत गेले. फळीला कान लावला. आतून ठोकत होतं, हळू. मी बोटाने उत्तर दिलं. अक्का, मी आहे, म्हटलं. सगळ्या फळ्या एकदम फुगून आत गेल्या, दमलेल्या माणसाच्या छातीसारख्या.

१० डिसेंबर

रंगूबाई कामावर आली नाही. तिला काढलं. कुणीतरी आम्हाला बोलताना पाहिलं असणार.

रात्री जेवताना तो गोड बोलला. उद्या मोठं पेव फोडायचं. दुपारी जेवण झालं की पूजा. नवं हिरवं लुगडं नेस म्हणाला. हमाल येतील का, विचारलं. न्हाई, त्यांना उद्या सुट्टी.

मी हो म्हटलं.

११ डिसेंबर, दुपार

जेवला. पुरणाची पोळी केली होती, तूप वाढलं, झोप येईल असं. पूजेआधी घटकाभर पडा, म्हटलं. पडला.

मी बाहेरून कडी घातली. वर लाकडी आडणा लावला.

उंबऱ्यावर कंदील पेटवून ठेवला आहे. अक्का, तुझ्यासाठी कुणी सोडला नाही तो. उजेडात लिहिते आहे—

उठला. दार ओढतो आहे. शालू, दिवा गेला, म्हणतो. मग शिव्या. मग आई, आई.

आता फळ्या. एक एक खिळा निघतो आहे, मोजून काढावा तसा. तो आत कुणाला तरी लांब हो म्हणतो आहे— विजू म्हणाला. अक्काचं नाव घेतलं त्याने.

दाराखालून पिवळी भुकटी येते आहे. बघत बसले. मला गार वाटतं. अक्का, बरं वाटतं गं. मी आई झाले असते तरी याहून बरं वाटलं नसतं.

आता तुझ्यासारखी एकच हाक आली. मग नाही.

झालं.

दाराखालून काहीतरी माझ्याकडे सरकत आलं. टाक. अक्काचा टाक, पिवळा झालेला. उचलला. गरम आहे. गळ्यात बांधते—

गाठ बसत नाही. दोरा आखूड झाला आहे. नाही, आखूड नाही, आवळतो—

कंदील बारीक झाला. तेल आहे. आत्ताच भरलं होतं. ज्योत निळी—

अक्का, तो मी काढला नव्हता. त्याने काढला. मी तर तुझ्यासाठीच—

हिरवं लुगडं तुला न दाखवता नेसले, तेवढं— चुकलं—

घसा. हळद.

अक्का, मी शालू. कडेवर घ्यायचीस ती. मी सवत नाही गं, मी तुझी