आकडा धाकट्याकडे, लॉरी थोरलीकडे

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, आयुष्यभर लॉरी चालवलेला, हे मृत्युपत्र शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. याआधी काही लिहिलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखेही काही नाही. शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. तो का जोडावा लागला, ते कलम चारमध्ये येईल.

१. राहते घर, दोन खोल्या आणि मागचे अंगण, माझ्या पत्नीला. बँकेत असेल तेही तिलाच. तिने पुढे कोणाला काय द्यावे, यात मी वरून ढवळाढवळ करणार नाही.

२. माझ्याकडे दोन लॉऱ्या होत्या. धाकट्याच्या, म्हणजे मुलाच्या, लग्नात एक त्याच्या नावावर केली. वर्षाच्या आत त्याने ती विकली आणि आरटीओच्या लिलावात बोली लावून आपल्या मोटारीसाठी एकआकडी नंबर घेतला. दहा टनांची लॉरी गेली, पत्र्याच्या पट्टीवर एक आकडा आला. पाढे म्हणताना रडणाऱ्या मुलाने अखेर एक आकडा पाठ केला, असे त्याची आई म्हणाली. पाटी रंगवणाऱ्या पेंटरने मला बाजूला घेऊन सांगितले, "अण्णा, तो म्हणाला तेवढा मोठा काढला. आता मागे गाडी आहे, हेच कळत नाही."

ती मोटार फारशी बाहेर निघत नाही. ओरखडा येईल म्हणून तिच्यावर आच्छादन असते आणि आकडा दिसावा म्हणून आच्छादनाला तेवढी खिडकी कापलेली आहे. याचा उपयोग काय, असे मी एकदा विचारले. म्हणाला, "बाबा, लोक नंबर बघून बाजूला होतात." मी म्हणालो, ॲम्ब्युलन्स बघूनही होतात. तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. आठवडा चांगला गेला.

सबब धाकट्याचा वाटा त्याला पोचला आहे.

३. उरलेली लॉरी थोरलीला, माझ्या मुलीला. पान्यांची पेटी, जॅक आणि ताडपत्र्याही तिच्याच. माझ्या पायाने क्लच दाबेना तेव्हापासून, नऊ वर्षे, तीच ती चालवते. एकदा उतारावर ब्रेक गेले. तिने लॉरी कडेच्या वाळूच्या ढिगात घातली आणि मला फोन केला: "गाडी ठीक आहे. मी पण." या क्रमाने सांगणाऱ्या माणसाकडे लॉरी असावी, असे माझे मत आहे.

धाकट्याला हीसुद्धा लॉरी हवी आहे, विकायला. पुढच्या लिलावात त्याला मुलासाठी नंबर घ्यायचा आहे. मुलगा तीन वर्षांचा आहे. लॉरी गेली तर थोरलीला दुसऱ्याच्या गाडीवर रोजाने बसावे लागेल. हे त्याला सांगून पाहिले. म्हणाला, तिला काय, कुठलीही गाडी चालेल.

४. यासाठी त्याने मला डॉक्टरांकडे नेले. बाबांच्या डोक्यात आता काही राहत नाही, असे सांगितले आणि त्यांच्यादेखत मला विचारले, "बाबा, आपल्या लॉरीचा नंबर सांगा."

मला सांगता येईना. मी म्हणालो, तिचा डावा दरवाजा थोडा उचलून लावावा लागतो.

"बघा, साहेब," तो म्हणाला.

तो ढोंग करत नव्हता. ज्याला आपला नंबर सांगता येत नाही त्याचे डोके गेले, हे त्याला मनापासून पटलेले आहे. मी डॉक्टरांना त्यांच्या स्कूटरचा नंबर विचारला. ते बाहेर जाऊन बघून आले. आल्यावर त्यांनी दाखला लिहिला. घरी येऊन थोरलीला विचारले, तर तिलाही पाठ नव्हता. रोज तीच गाडी चालवतेस ना, म्हणालो. "चालवते ना. मग पाटीकडे कधी बघू?"

५. धाकटा कोर्टात जाईल. खुशाल जावे. न्यायाधीशांना विनंती, की त्याला आईच्या गोळ्यांचे नाव विचारावे, बहिणीचे वय विचारावे. आकडा सोडून काहीही विचारावे.

तरीही त्याची मोटार कधी रस्त्यात बंद पडली, तर थोरलीने जाऊन ती ओढून आणावी आणि त्या वेळी तोंड बंद ठेवावे. जमले तर.

६. वकिलांचा कारकून म्हणतो, गाडीचा क्रमांक घातल्याशिवाय कलम तीन टिकणार नाही. त्याने तो कागदपत्रांवरून समासात उतरवला आणि मला दोनदा वाचून दाखवला. मला तो कोणाचाही वाटला. एवढ्यात खाली रस्त्यावर एक लॉरी येऊन थांबली. बंद होताना इंजिनाने दोन आचके दिले. मी खुर्चीतून न उठता म्हणालो, हीच.

साक्षीदारांनी खिडकीतून वाकून पाटी पाहिली आणि समासातल्या क्रमांकाशी ताडली. जुळली.



(सही) लिहून ठेवणार

साक्षीदार:
(सही) डॉक्टर, दाखला देणारे
(सही) पेंटर, नंबरप्लेट रंगवणारे

ठिकाण: वकिलांचे ऑफिस, पहिला मजला
दिनांक: १४ ऑक्टोबर, दुपारी सव्वाचार