शेटच्या पायरीपर्यंत वेल

आये, तू जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी तुला पहिल्यांदा लिहितोय, ते किहीमच्या वाळूत बसून. शाळा अर्धवट सोडलेली, अक्षर वाकडंच येणार. पण तुला तरी कुठं वाचता येत होतं! निघालो होतो बोर्लीच्या बाजाराला. वाटेत एका मचव्याच्या तांडेलानं भाकरी दिली, त्याचा मचवा इकडं येत होता, म्हणून मीही इकडं आलो. उतरलो तर वाळूवर मर्यादवेल पसरलेली, जांभळ्या फुलांची, आणि तिच्याही पुढं, दर्याच्या अंगाला, मागच्या नव्या बंगल्यावाल्यानं कुंपणाचे खुंट ठोकलेले. मला हसूच फुटलं. इथल्या बाया तोंडाकडं बघायला लागल्या. म्हटलं, माझी आई आठवली.

आपल्या गावात वेलीच्या वरची जमीन ज्याची त्याची आणि वेलीखालची सगळ्यांची. खाली होड्या, त्यांच्या वर आपलं खळं, शेणानं सारवलेलं, आणि त्यावर जवळा वाळतोय. अजून नाकात आहे तो वास. वेल वाळू धरून ठेवते, म्हणून ती कुणी उपटायची नाही. उपटली तर गावाकडं नारळाचा दंड भरायचा. मागची वाडी मुंबईच्या शेटनं घेतली, घर बांधलं, ओट्यावर झोपाळा टांगला आणि जवळ्याचा वास थेट त्या झोपाळ्यावर जाऊन बसला. मग दिवाळीनंतर त्यानं गड्यांकडून वेल उपटून घेतली आणि खळ्याच्या खाली, होड्यांजवळ लावली. दंडाचे नारळ हसत हसत भरले, वाडीत काय कमी होते? वर मामलेदारांकडं अर्ज टाकला, की शिमग्यानंतर येऊन हद्दीचे दगड घालून द्यावेत. खळं त्याच्या हद्दीत गेलं, की पावसाळ्यात चुलीवर काय चढवायचं आणि बाजारात काय न्यायचं?

पोरं म्हणाली, उपटून टाकू. तू बांगडा साफ करतेयस, मान वर न करता बोलतेस, "हात लावंल त्यानं आदी नारल आनून ठेवा. येल उपटायची न्हाय म्हंजे न्हाय. लावायला कुनी आडवलंय?" कुणाला काही कळलं नाही. तू उठलीस, हात धुतलेस आणि वाडीच्या रखवालदाराकडं गेलीस. तो आपल्याच गावचा. "काका, तुमच्या पाटाला जरा येल लावते. माती धुपनार न्हाय." तो म्हणाला, "लाव गो बाय. मी शेटचा नोकर, येलीचा थोडाच हाय?"

शेट मुंबईत आणि वाडीत आपल्या सगळ्या बाया. रहाट कुरकुरतोय, पाटाला पाणी सुटलंय, पाटाच्या कडेनं तुम्ही वेलीच्या कांड्या खोचताय. टोपली माझ्या डोक्यावर. पण विहिरीच्या काठावर एक खंड्या बसला होता, निळाजर्द, त्याच्यामागं मी माडांत कुठंतरी गेलो. परत आलो तर तू कमरेवर हात ठेवून उभी. "मिशी फुटली तरी भिंगरीच! अरं, ही येल बी पलतेच, पन गाठीगाठीला मातीत मूल धरते. तू नुस्ताच पलतोस." सगळ्या बाया हसल्या. मीपण हसलो, काय करणार!

शिमगा झाला, मामलेदार टांग्यातून आले. शेट आदल्या रात्री उशिरा पोचलेला, त्यानं अजून वाडीत नीट पाहिलंही नव्हतं. वाळूत उभा राहून तो ऐटीत सांगतोय, "साहेब, गावाचा रिवाजच आहे. वेलीपर्यंत माझं, वेलीखाली त्यांचं. विचारा यांनाच."

तू पदर खोचून पुढं झालीस. "खरं बोलतात शेट. पन त्यांची येल लय पलती हाय. साहेब, जरा मागं वलून बघा."

मामलेदार वळले. वेल कुंपणातून आत शिरून पाटाकडेनं गेली होती, विहिरीला वळसा घालून थेट ओट्याच्या खालच्या पायरीवर चढली होती. तिथं एक फूलही उमललं होतं, अगदी शेटच्या जोड्याशेजारी. साहेबांनी मिशीवर हात ठेवला, पण मिशी हलत होती. "शेट, मग तुमची विहीर कुणाच्या जागेत आली?"

तूच बोललीस, "पानी प्यायला येऊ द्या आमाला, मंग झालं. बसा साहेब. शेट, तुमी बी बसा. सगल्यांची जागा हाय."

आधी हसला तो टांगेवाला. मग कोण थांबतंय? दगड वेलीच्या जुन्या जागेवरच बसले, आणि शेटच्या गड्यांनी वेल परत आणून लावली. पुढं शेटही निवळला. मुंबईहून आला की वाडीतूनच ओरडायचा, "बाई, आज जवळा का? मग खिडकी लावतो!" तू म्हणायचीस, "लावा लावा, आनि रातच्याला चटनी धाडते!"

इथल्या बायांना हे सगळं सांगितलं. आता खुंटांच्या मागं, त्या नव्या बंगल्याच्या दारापर्यंत कांड्या लागल्यात. पाणी मी घालतो. कांड्या आणून देते ती त्याच तांडेलाची मुलगी, आणि रोज विचारते, "काय भटक्या, आज तरी जातोस का?" आताही टोपली घेऊन उभी आहे, कांड्या गुंडाळायला ओला कागद मागतेय. माझ्याकडं कागद हाच एक, तोच भिजवून देतो.

आये, काल गाठोडं बांधलं होतं, ते सोडलं. वेल जगते का बघायला थांबलोय, असं सगळ्यांना सांगितलंय. वेल तर कधीच जगली.