न्हाणीतला पाच लिटरचा डबा

३ फेब्रुवारी, सोमवार

सत्यभामाचे गुडघे कालच्यापेक्षा बरे. मोनिका, तिकडं लासूर स्टेशनला सासरी, सर्दी उतरली पण आवाज घोगराच. जावई ठणठणीत. तिचे सासरे साहेबराव, म्हणजे आमचे व्याही, यांना तब्येत विचारायची सोयच नाही. "मला आजवर सुई टोचली नाय!" एवढंच उत्तर. नळ आज सातवा दिवस, उद्या यावा. उरलो मी. माझं क्रिएटिनिन १.६.

हा शब्द तीनदा खोडून लिहिला.

नीरजा डॉक्टर पोरीच्या वयाच्या. म्हणाल्या, "काका, यावरून आणि वयावरून मूत्रपिंडाच्या गाळणीचा आकडा निघतो. तुमचा ४७. साठाच्या वर हवा."

म्हटलं, "बरा आहे की! सातवीला गणितात पस्तीस होते."

हसल्या नाहीत. तेव्हा घाबरलो.

"पण बाई, लघवी तर भरपूर होते!"

"मोरीतून पाणी भरपूर वाहतं, म्हणून घर साफ होतंच असं नाही काका. घाण त्याबरोबर जाते का, ते बघायचं."

एकतीस वर्षं या शहरात पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवले, आणि मला मोरी शिकवतात! पण पटलं.

४ फेब्रुवारी

नळ आला. पावणेदोन तास. टाकी, पिंप, हंडे, कळशा, कुकर — सगळं भरलं. सत्यभामा म्हणाली, "आता तुम्ही तेवढं आ करून उभे राहा."

हिला आकडा सांगितलेला नाही. "जरा पित्त आहे" म्हटलं. डायलिसिसचा शब्द मनात येतो आणि मी लगेच हंडे मोजायला लागतो.

५ फेब्रुवारी

वाचनालयात बसून टिपणं काढली. हाता-पायाचे स्नायू चालतात, त्यातून रोज ठराविक कचरा निघतो. तेच क्रिएटिनिन. गाळणी चांगली असली तर तो लघवीतून जातो, थकली तर रक्तात साचतो. आणि गाळणीला भोकं पडली तर उलटं होतं. रक्तातली कामाची प्रथिनंच बाहेर निसटतात. कचरा आत, माल बाहेर! अशी लाइन माझ्या हाताखालच्या माणसानं टाकली असती तर त्याला मी उन्हात उभा केला असता.

आणि हे दुखत नाही म्हणे. मुकाट्यानं होतं.

माझ्याही गुडघ्यासाठी दुकानातून आणून रोज खायचो त्या गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या. त्यानंही मूत्रपिंडावर ताण येतो. दोन वर्षं खाल्ल्या, चण्यासारख्या.

६ फेब्रुवारी

प्रथिनं किती निसटतात ते बघायला चोवीस तासांची लघवी हवी, म्हणून लॅबमधून पाच लिटरचा पांढरा डबा मिळाला. उद्या सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची, मग परवा सकाळच्या पहिलीपर्यंत सगळी यात. थंड जागी ठेवा म्हणाले. डबा फ्रिजकडं नेला तर सत्यभामा आडवी. "माझ्या ताकाशेजारी? माझ्या ताकाशेजारी?!"

सगळं सांगावं लागलं. पित्त, ४७, सगळं. तिनं गोणपाट ओलं केलं, डब्याला गुंडाळलं, न्हाणीच्या कोपऱ्यात ठेवून आली. मग म्हणाली, "दोन वर्षं गोळ्या खाल्ल्या त्या मला न विचारता, आणि घाबरायचं ते पण मला न विचारता!"

डब्यावर माझ्या अक्षरात पाटी लावली — "एक थेंबही बाहेर जाऊ नये. सगळं यातच. — हुकमावरून." खात्यातली सवय!

७ फेब्रुवारी

सकाळी नऊला दारात साहेबराव! प्लॉट बघायला आले होते. दाखवणारा आलाच नाही. "व्हय हो पाव्हणं, म्हटलं आता तुमच्याकडंच मुक्काम!"

दिवसभर घरीच. पुरणपोळी झाली, तूप झालं, सुपारी झाली. चपलेचा पट्टा एक घर सैल करत म्हणाले, "नवी चप्पल लई चावती बघा, संध्याकाळी तर पायात जात नाय." स्वभावानं उमदा माणूस. मोनिकाला लेकीसारखं वागवतात.

डब्याचं त्यांना सांगितलं नाही. व्याह्यांना कसं सांगावं? मुलीचे सासरे! मी नजर चुकवून जायचो, नजर चुकवून यायचो. संध्याकाळी डबा उचलला तर जड. मनात म्हटलं, वा रे गड्या, अजून दम आहे तुझ्यात.

८ फेब्रुवारी

सकाळी व्याही निघाले. जाताना हात जोडून म्हणाले, "तुमच्या घरून शिकून चाललो." काय, ते कळलं नाही. डबा लॅबमध्ये दिला. काठोकाठ. वर ताकासारखा फेस. सत्यभामाला हे सांगितलं नाही, ताक बंद करेल.

११ फेब्रुवारी

डॉक्टर रिपोर्टकडं बघतात, माझ्याकडं बघतात, परत रिपोर्टकडं.

"काका, प्रथिनं खूप जाताहेत. हे चांगलं नाही. पण..." पेन आपटत राहिल्या. "तुमच्या वयाच्या, अंगकाठीच्या माणसाचं दिवसाचं क्रिएटिनिन साधारण एक ग्रॅम निघतं. यात दोन ग्रॅम आहे. काका, या डब्यात दोन माणसं आहेत."

सत्यभामा शेजारीच बसलेली. मी तिच्याकडं बघितलं.

"माझ्याकडं काय बघता? मी त्या डब्याजवळून नाक धरून जाते!"

डॉक्टर आता हसल्या. "परत गोळा करा. आणि या वेळी कुलूप लावा."

घरी येताना रिक्षात डोक्यात एकच. प्रथिनं जाताहेत. फेस त्याचाच असणार. छावणीजवळ रिक्षा अडली तेव्हा सत्यभामानं माझा हात धरला. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, रिक्षात पहिल्यांदाच धरला.

१३ फेब्रुवारी

मोनिकाचा फोन. घोगरा आवाज, वर संताप. "बाबा, आमच्या मामंजींना काय शिकवून पाठवलंत? न्हाणीत डबा ठेवलाय! वर पाटी! सगळ्यांनी यातच करायचं, रोज लिंबाच्या झाडाला घालायचं. म्हणतात, पाणी कसं वाचवावं ते तुझ्या बापाकडून शिका, आठ दिवसांनी नळ येतो पण शिस्त बघा त्या घराची! मी पण तिथं हुकूम पाळून आलो!"

फोन ठेवून सगळं हिला सांगितलं. सत्यभामानं पदर तोंडाला लावला आणि अर्धा तास हसली. आकडा कळल्यापासून पहिल्यांदा.

१४ फेब्रुवारी

दुसरा डबा. कुलूप लावलं. किल्ली माझ्या जानव्याला.

१५ फेब्रुवारी

डबा अर्धाच भरला. जरा अपमान वाटला.

२५ फेब्रुवारी

प्रथिनं नाहीत! म्हणजे, असावीत तेवढीच, नावाला. रक्तही परत तपासलं. गोळ्या सोडल्यावर क्रिएटिनिन १.३, आकडा ६०. डॉक्टर म्हणाल्या, "तीन महिन्यांनी परत बघू, पण आज पेढे आणा." अर्धा किलो आणले. सत्यभामानं देवापुढं ठेवले, एक माझ्या हातावर दिला, आणि हात मागं घ्यायचा तो घेतलाच नाही.

"अहो," ती म्हणाली, "मग तो फेस कुणाचा?"

पेढा खाल्ला नाही.

२६ फेब्रुवारी

फोन करणार होतो. पण साहेबराव फोन मोठ्या आवाजावर ठेवून बोलतात, अख्खी गल्ली ऐकते. म्हणून बंद पाकिटात पत्र पाठवलं. नक्कल इथं ठेवतो —

"साहेबराव, सुई न टोचण्याचा तुमचा मान मोठा आहे, पण चप्पल नवी म्हणून चावत नाही, पाय सुजतात म्हणून चावते. चूक माझी. लाजेपायी डब्याचं तुम्हाला सांगितलं नाही, आणि तुम्ही थेंबही वाया जाऊ दिला नाही. त्यामुळंच कळलं की प्रथिनं निसटताहेत ती माझी नाहीत, तुमची. पुढच्या गुरुवारी इकडं या, नीरजा डॉक्टरांची वेळ घेतली आहे, मी बरोबर असेन. डबा मी देतो. कुलूपही देतो. लिंबाला मोनिका पाणी घालील. उत्तर लवकर पाठवा. येतो, एवढंच लिहा."

सत्यभामाचे गुडघे बरे. मोनिकाची सर्दी गेली. नळ परवा यावा. साहेबराव —

जागा मोकळी ठेवतो.