ट्रकातून उतरणारे

२६ एप्रिल १९९८
सातपूरच्या आमच्या कारखान्यात संप होणार, नक्की. पण त्याआधी सिनेमा! एक मेला युनियन संपावरचा जुना सिनेमा दाखवणार, आपल्याच भागात शूटिंग झालेला. सांस्कृतिक प्रमुख गोरक्ष म्हणाला, "धनराज, आधी तुमचं आदिवासी नृत्य ठेवू. सगळ्यांना प्रतिनिधित्व!" मी लेथवर काम करतो. आयुष्यात एकदाच नाचलो, मित्राच्या वरातीत, आणि तेव्हाही पडलो.

२९ एप्रिल
नाच जमणार नाही म्हणालो. गोरक्षचं तोंड एवढंसं झालं. "मग निदान पानांचा पोशाख?" — पानं! माझ्या बाबांनी उभ्या जन्मात कमरेला पान बांधलं नाही.

१ मे
पाहिला. कामगार काय निवडून घेतलेत! एक सरदारजी, एक टोपीवाला, एक गळ्यात क्रूसवाला — तिघं एकाच मशीनवर, आणि मशीन बंद. बायका डबे आणायला आणि शेवटी रडायला. सगळ्यांना जागा मिळाली बुवा!

आम्हालाही मिळाली. मध्यंतरानंतर मालकाचा ट्रक येतो आणि त्यातून संप फोडायला आदिवासी उतरतात. अंगाला काळा रंग, डोक्यात पिसं, 'हुर्रर' करत थेट मशीनवर! हॉल खदाखदा हसला. मग शिव्या सुरू झाल्या. मग दोनचार माना माझ्याकडं वळल्या. फार लागलं ते.

शेजारी बाबा होते. एवढंच म्हणाले, "हे आम्ही नाय."

२ मे
आज बाबांनी सगळं सांगितलं. त्या शूटिंगला पेठकडच्या आमच्या पाड्यावरून त्यांना आणि इतरांना आणलं होतं, ट्रकात भरून. सिनेमा आहे हे कोणी सांगितलंच नाही! उतरून बघतात तर गेटवर माणसं उन्हात बसलेली. बाबांनी विचारलं, "हा काम तुमचा हाय ना? मग तुम्हाला सोडून आम्ही कसा करू?" आमच्या पाड्यावरची रीतच ती — दुसऱ्याच्या कामाला त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. सगळे जाऊन संपवाल्यांशेजारी बसले. डायरेक्टर "कट! कट!" करत उड्या मारत होता. बाबांना वाटलं, त्याला काहीतरी चावलं. मग ह्यांना घरी धाडलं आणि शहरातली पोरं रंगवून उतरवली.

७ मे
संप सुरू.

११ मे
बातमी आली — मालक उद्या पेठकडून मजूर आणणार. "तुझी माणसं," गोरक्ष म्हणाला. प्रतिनिधित्व संपलं, पाळत सुरू! सकाळपासून मला चहालाही कोणी हाक मारत नाही. ट्रक आत गेला की संप बुडाला, आणि मी जन्माचा फितूर.

माझ्या हातात भोंगा दिलाय. "तुमच्या भाषेत समजाव त्यांना." काय समजावू? चुलतभाऊ केरू रोजगार शोधत फिरतोय, तो येणारच. बाबांची रीत तेव्हाची, पोट आजचं. भीती वाटते.

१२ मे
ट्रक आला. पहिला उतरला तो केरूच. मी भोंगा तोंडाशी नेला आणि परत खाली ठेवला. त्यानं गेटकडं पाहिलं, मग उन्हात बसलेल्या आम्हा सगळ्यांकडं.

"हा काम तुमचा हाय का?" त्यानं गोरक्षला विचारलं.

"हो."

केरू माझ्याशेजारी येऊन बसला. मग मागचे सगळे.

कोणी 'कट' म्हणालं नाही.