तुमच्या बरणीतली माझी वाइन

आत्याबाई,

अठरा जून एकोणीसशे एक्क्याऐंशी, गुरुवार, सकाळचे सव्वादहा. वेळ नक्की आठवते, कारण तुमच्या तोंडाकडं बघायचं नव्हतं म्हणून मी माजघरातल्या घड्याळाकडं बघत उभी होते. सासूला आई म्हणायची रीत तुमच्या घरात नव्हती, आत्याबाई म्हणायचं, असं लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी मला सांगण्यात आलं. बरं झालं. आई हा शब्द वाचला. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की आपल्या वालूर गावात तुमच्याविषयी वाईट बोलणारं कुणी उरलेलं नाही. चांगलं बोलणारं तेव्हाही नव्हतं. म्हणून हे काम माझ्याकडं आलं आहे.

परभणीच्या आमच्या घरात, ओट्याखाली, तुमची बरणी आहे. तुमच्या माहेरची, गंगाखेडची, पोटाला तपकिरी पट्टा असलेली. मागच्या आठवड्यात बाजारात पहिले आलुबुखार आले, मी पेटीच उचलली. फळवाला ओळखीचा. म्हणाला, “मॅडम, पूरी पेटी? घर में दावत है क्या?” मी म्हणाले, “श्राद्ध आहे.” बिचाऱ्यानं वरची चकचकीत फळं बाजूला करून खालचीही बघू दिली. आलुबुखार नुसते पाण्यातून काढायचे, घासायचे नाहीत. सालीवर राख बसल्यासारखी जी पांढुरकी झाक असते, तीच पुढचं सगळं काम करते. बिया काढायच्या, फळ हातानं कुस्करायचं, साखर आणि उकळून गार केलेलं पाणी घालायचं, बरणी वर थोडी रिकामी ठेवायची आणि तोंडाला पातळ फडकं बांधायचं. झाकण लावायचं नाही, कोंडलं की फुटतं. रोज सकाळी लाकडी उलथन्यानं वर आलेली सालं खाली दाबायची. फेस ओसरायला लागला की गाळून बाटल्यांत भरायचं आणि नाताळपर्यंत विसरायचं. ही दारू झाली, असं तुम्ही म्हणाल. हो, दारूच आहे. तेव्हा मला म्हणता आलं नाही, आता लिहून देते.

त्या साली मे महिन्यात मला पाचवा होता. सेलूच्या डॉक्टरीणबाईंनी पोटाला नळी लावली, नळीला कान लावला, नळी सरकवली, पुन्हा कान लावला, आणि शेवटी नळी टेबलावर ठेवून माझ्या पोटावर साडी ओढली. मला घरी आणलं तेव्हा तुम्ही दारातूनच विचारलंत, “पोरगा व्हता का पोरगी?” बाकी काही नाही. पाणीसुद्धा नाही. जूनच्या सुरुवातीला माझे वडील आले. सिकंदराबादला रेल्वेच्या कचेरीत साधे कारकून होते, पण लेकीला कॉन्व्हेंटात घातलं होतं, आणि हा गुन्हा तुम्ही त्यांना कधी माफ केला नाहीत. रात्रीच्या गाडीनं सेलूला उतरून, तिथून एसटीनं, मांडीवर आलुबुखारांची करंडी घेऊन ते आले. आंबट आहेत, तोंडाला चव येईल, म्हणाले. तुम्ही त्यांना ओसरीवर चहा दिलात आणि म्हणालात, “लेकीला नेता का? न्या. हितं तरी काय उजेड पडायलाय तिचा.” त्यांनी कप खाली ठेवला आणि दुपारच्या गाडीनं परत गेले. मीच म्हणाले होते, जा.

करंडीतली निम्मी फळं प्रवासात दबली होती. ती टाकवेनात. कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात मंगळूरकडच्या एक सिस्टर होत्या, त्या नाताळसाठी आलुबुखाराची वाइन करायच्या आणि बिया काढायला आम्हा मुलींना बसवायच्या. त्यांचं बघून मला येत होतं. शिवाय मला कशाची तरी वाट बघायची होती. बाळंतपणाचा सप्टेंबर तर हातचा गेलाच होता, मला दुसरा एखादा महिना हवा होता. माजघराच्या कोपऱ्यात तुमची ही बरणी रिकामी पडलेली. मी ती घेतली. दोन दिवसांनी कान लावला तर आत बारीक सूं-सूं सुरू झालेली. सिस्टर म्हणायच्या, “कान लगाके सुनो बेटी. बोलती है तो अच्छी है. चुप हुई तो फिकर करना.” मी रोज कान लावायची. तुमच्या नजरेतून काय सुटायचं? “बरणीला कान लावून काय ऐकायलीस गं? बोलायली का काय ती?” मी सांगितलं, औषध आहे, सिस्टरांनी शिकवलेलं. “किरिस्तावाचं औषध,” तुम्ही म्हणालात आणि तंबाखूची चिमूट गालात सरकवलीत. पण हात लावला नाहीत. तेवढं मी मान्य करते.

अठरा तारखेला शेवटच्या कैऱ्यांचं लोणचं होतं. ओसरीवर गल्लीतल्या पाच-सात बायका अडकित्त्यानं कैऱ्या फोडतायत, हळदीचा वास सुटलाय. तुम्हाला बरण्या कमी पडतात. तुम्ही माजघरात येता, माझी बरणी उचलता आणि बाहेर, सगळ्यांच्या मधोमध नेऊन फडकं सोडता. फेस काठाला आलेला. बायका वाकून बघतात. मी म्हणते, “आत्याबाई, ते असंच फसफसायला पाहिजे.” तुम्ही म्हणता, “फसफसतंय ते नासतंय. लोणची घालू घालू माझे केस पांढरे झाले, तू मला शिकवायलीस?” शेजारच्या वयनी भल्या होत्या. त्यांनी मला वाट काढून दिली. म्हणाल्या, “बाहेरची असताना हात लागला असंल हो. शिकलेल्या पोरी, त्यांना शिवाशिव कुठं कळती.” बघा, किती सोपं होतं. कुणाच्याही घरात लोणचं नासलं की एवढंच म्हणतात आणि दुसरी बरणी घेतात. तुम्ही नुसतं हूं म्हटलं असतंत तरी मी सुटले असते. पण तुम्ही म्हणालात, “न्हाई वो. तसलं कायी न्हाई. हिच्या हातात टिकतच न्हाई कायी. पोटात बी न्हाई अन् बरणीत बी न्हाई.”

अडकित्ते थांबले. मी घड्याळाकडं बघितलं. मला उत्तर येत होतं. इंग्रजीत, मराठीत, तुमच्या बोलीतही येत होतं. पण ते नासलेलं नाही हे पटवायचं तर ती दारू आहे हे सांगावं लागलं असतं, आणि तुळशीची माळ घातलेल्या बाईच्या घरात, तिच्या माहेरच्या बरणीत दारू गाळणारी सून त्या दुपारीच सेलूच्या स्टेशनवर बसलेली दिसली असती. तेव्हा मी नासवणारी ठरले. तुमचा मुलगा ओसरीच्या खांबाला टेकून उभा होता. त्यानं चपला घातल्या आणि तो शेताकडं गेला.

तुम्ही बरणी गोठ्यात नेऊन म्हशीच्या आंबोणाच्या घमेल्यात ओतलीत. आता इथं नीट लक्ष द्या. म्हैस नासलेलं तोंडी धरत नाही. हे मला कॉन्व्हेंटात शिकवलेलं नव्हतं, तुम्हाला माहीत होतं, तुमचा जन्म गोठ्यात गेला. त्या म्हशीनं एकदा हुंगलं आणि घमेलं चाटून लख्ख केलं. दुसऱ्या दिवशी धारेच्या वेळी ती दावं ताणून त्याच घमेल्याकडं बघून रेकत होती. तुम्ही कासेला हात लावून बसला होतात. मी शेणाची पाटी घेऊन दारात होते. तुम्ही घमेल्याकडं पाहिलंत, माझ्याकडं पाहिलंत, आणि धार काढत राहिलात. ओसरीवरच्या बायकांना पुन्हा बोलावून काही सांगितलं नाहीत. बरणी मात्र चिंच आणि राखेनं घासून आठवडाभर उन्हात ठेवलीत.

ते वाक्य तुमच्यापेक्षा चपळ निघालं, गावभर फिरलं. कुणी मला विरजण देईना. माझ्या हातचा लोणच्याचा मसाला कुणाला चालेना. त्याच वयनींच्या नातवाच्या बारशाला मी बाळ पाळण्यात ठेवायला उचललं, तर वयनींच्या सुनेनं ते माझ्या हातांतून काढून घेतलं. “असू द्या, तुमी बसा,” म्हणाली, अगदी प्रेमानं. तुम्ही समोर घुगऱ्या खात होतात. मान वर केली नाहीत. चार वर्षांनी मला मुलगी झाली. टिकली. तुमच्यापेक्षा उंच आहे आणि तुमचं नाक तिच्या वाट्याला आलेलं नाही.

मीही काही गाय नव्हते. सेलूच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागल्यावर माझा आवाज वाढला. सासरे गेल्यानंतर जमिनीच्या कागदांसाठी आपण दोघी सेलूच्या कचेरीत गेलो. मी इस्त्रीच्या साडीत, तुम्ही डोक्यावर पदर घेऊन. कारकुनानं कागद सरकवला, पेन पुढं केलं. तुम्ही पेन घेतलंत. बोटांत नीट धरलंत, जीभ दातांत धरलीत. मी शाईचा पॅड तुमच्यासमोर ठेवला आणि सगळ्या कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “कशाला वेळ घालवता भाऊसाहेब? त्या अंगठाच लावतात.” मागं कुणीतरी हसलं. तुम्ही पेन खाली ठेवलंत आणि अंगठा पुढं केलात. येताना एसटीत तुम्ही पदराला शाई पुसत होतात, ती निघत नव्हती. मला त्या रात्री शांत झोप लागली.

तुमच्या तेराव्यानंतर नणंदबाईंनी सोन्याचे डाग नेले, भांडी नेली. मी फक्त ही बरणी मागितली. सगळ्यांना वाटलं, साधी आहे बिचारी. तेव्हापासून दर जूनला हिच्यात वाइन घालते. तुमचा मुलगा आता गुडघे धरून चालतो. दर नाताळात मी त्याला एक ग्लास देते आणि विचारते, “नासलीय का?” तो म्हणतो, “नाही गं, लई भारी झाली.” दर वर्षी विचारते, दर वर्षी तेच म्हणायला लावते. जे बोलायचं ते त्याला इतक्या उशिरा सुचलं, मग पुन्हा पुन्हा बोलू दे. मला स्वतःला ती वाइन आवडत नाही. तुरट लागते.

मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. खुलासे मागायची सवय हाताला आहे, म्हणून एकच प्रश्न विचारते. त्या सकाळी तुम्ही जे बोललात ते तुम्हाला खरं वाटत होतं का? खरं वाटत असेल तर तुम्ही अडाणी होतात. शाळेत मी पुष्कळ अडाण्यांना वर ढकललं आहे, तुम्हालाही ढकलीन. पण म्हशीचं घमेलं पाहिल्यानंतर जर खरं वाटत नव्हतं, तर गप्प का बसलात ते लिहा. उत्तर लेखी हवं. येत्या अठरा जूनला सकाळी सव्वादहाला मी फडकं सोडून गाळायला घेणार आहे, त्याच्या आत हवं. नंतर आलेलं विचारात घेणार नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही. तुमच्या बरणीचं बूड एका अंगानं झिजलं आहे, ती डुगडुगते, तिच्याखाली घडी करून सारते आहे. आणि उत्तरावर अंगठा चालणार नाही. सही करा. तुम्हाला येत होती. संध्याकाळी चुलीपुढं बसून, माझ्या मुलीच्या पाटीवर, तिला विचारून विचारून तुम्ही आपलं नाव गिरवायचात, ते मी दारातून पाहिलं होतं. कचेरीत जायच्या आधी.