आत्याच्या गुडघ्याची गोळी

३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

चष्मा शोधत असशील तर तो डोक्यावर आहे. मिळाला की पुढे वाच.

तुझी भाची औषधांच्या खिडकीवर कायम झाली. सहा महिने मागच्या खोलीत खोकी फोडली, आता पुढे बसते. समोर रांग, मध्ये काच, काचेला बशीएवढं भोक. त्या भोकातून माणसं आपापली दुखणी आत ढकलतात. काल एका आजोबांनी विचारलं, की डोकेदुखीची गोळी पोटात गेली तर डोक्यापर्यंत चढते कशी? मला हसू फुटलं, कारण लहानपणी अगदी हेच मी तुला विचारलं होतं आणि तू म्हणाली होतीस, की गप गीळ, तिला माहीत असतं.

आत्या, तिला काहीएक माहीत नसतं. गोळी पोटात विरघळते, आतड्यातून रक्तात उतरते, यकृताच्या नाक्यावरून पुढे सुटते आणि रक्ताबरोबर अंगभर हिंडते. नखापासून शेंडीपर्यंत सगळीकडे. जिथे दुखतं तिथल्या पेशी एक द्रव्य तयार करत असतात. त्याने सूज येते आणि नसा हळव्या होतात. वेदनाशामक गोळी ते द्रव्य बनणंच थांबवते. म्हणजे गुडघा बरा होत नाही, फक्त त्याची ओरड बंद होते. मात्र तेच द्रव्य पोटाच्या अस्तराला जपत असतं. म्हणून तर आम्ही घोकतो, की उपाशीपोटी घेऊ नका. आजोबांना एवढं सगळं सांगितलं. मागची रांग खवळली, पण आजोबा खूश झाले.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू मनानेच ठरवतेस, म्हणून हा पत्राचा खटाटोप. तब्येतीचं खरंखरं कळव. 'बरी आहे' या दोन शब्दांवर भागवू नकोस.

माया आहे तेवढी राहू दे. वाढली तर तक्रार नाही.

तुझी,
खारू


१२ फेब्रुवारी

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा अभिमानाने, दुसऱ्यांदा चुका काढायला. 'यकृत' बरोबर लिहिलंस, म्हणजे शिक्षण फुकट गेलं नाही.

इकडे हात रिकामा नाही. जुन्या ग्रंथालयाची दोनशे बारा पुस्तकं बांधायला आली आहेत. महिनाअखेर द्यायची. काहींची पानं किडीने अशी खाल्ली आहेत की उचलली तर भुगा होतो. जुनी शिलाई सोडवायची, पानं लावायची, पुन्हा शिवायची, खळ लावून दाबयंत्रात घालायची. दिवसभर उभं राहावं लागतं. खालचे कागदवाले म्हणाले, एवढं काम घेतलंत, झेपेल का? मी म्हटलं, तुम्ही पुठ्ठा वेळेवर द्या, झेपण्याचं मी बघते.

तब्येतीचं खरंखरं विचारलंस, तर ऐक. रक्तदाबाची गोळी जुनीच चालू आहे. पाय सुजायचे म्हणून डॉक्टरांनी गेल्या महिन्यात पाण्याची गोळी जोडून दिली; ती शरीरातलं जादा पाणी बाहेर काढते म्हणे. आणि गुडघ्याला तुझीच गोळी. दोन वर्षांपूर्वी माझा घोटा मुरगळला तेव्हा तू पाकीट दिलं होतंस ना, त्याचं नाव मी जपून ठेवलंय. दुकानात दाखवते, भाची औषधांच्या शाळेत शिकली म्हणून सांगते, आणि तो निमूट काढून देतो. पूर्वी अधूनमधून घ्यायची. हे काम आल्यापासून दिवसातून तीनदा घेते. जेवूनच घेते हं, तू सांगितलंस तसं.

गुडघा मुकाट्याने उभा राहतो. पाय मात्र पुन्हा फुगले. चपला कापून घ्याव्या लागणार. तोंडाला चव नाही, सगळं लोखंड चाटल्यासारखं लागतं. सकाळी मळमळतं. लघवीलासुद्धा फारसं उठावं लागत नाही, तेवढीच दोन पानं जास्त शिवून होतात. वय झालं, दुसरं काय!

जेवत जा. खिडकीत बसून हाडं दिसायला लागली तर लोक औषध कुणाच्या भरवशावर घेतील?

आहे तशीच वांड राहा, हा आशीर्वाद.

तुझी,
आत्या


१७ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुपारच्या सुट्टीत मिळालं. लघवीच्या ओळीपर्यंत वाचलं आणि डबा न उघडताच उठले. आधी कागदवाले काकांना फोन केला. हे पत्र पोचेल तोवर त्यांनी तुला डॉक्टरांकडे नेलेलं असेल. नसेल नेलं, तर हे हातातलं ठेव आणि जा. खळ वाळत असली तरी जा.

गुडघ्याची गोळी या क्षणापासून बंद. एकही नाही, अर्धीही नाही. दाबाच्या आणि पाण्याच्या गोळीचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील, तू आपल्या मनाने ठरवू नकोस. घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून त्यांच्यापुढे ओत. रक्त तपासायला सांगतील, तेव्हा सुईला नाही म्हणू नकोस.

का ते सांगते, नाहीतर कारण कळल्याशिवाय तू जागची हलत नाहीस. मूत्रपिंड म्हणजे गाळणी. रक्त एका नळीतून आत येतं, दुसरीतून बाहेर जातं, आणि मधल्या दाबाने घाण गाळली जाते. तुझी दाबाची गोळी बाहेरची नळी सैल करते. पाण्याच्या गोळीने मुळात पाणीच कमी होतं. एवढं मूत्रपिंड सहसा निभावून नेतं, कारण आत येणारी नळी ते उघडी धरून ठेवतं. पण ती उघडी धरायला त्याला तेच द्रव्य लागतं, जे गुडघ्याची गोळी बनू देत नाही. मग आतली नळी आवळते आणि गाळणीत दाबच राहत नाही. तिन्ही गोळ्या चांगल्या आहेत, आत्या. एकत्र आल्या की मात्र घात करतात.

वेळेवर थांबवलं तर बहुतेकदा मूत्रपिंड सावरतं, हेही खरं. म्हणून घाबरू नकोस. पण रेंगाळूही नकोस.

उलट टपाली कळव. तुझ्या उत्तराकडे डोळे लागलेली,
खारू


२० फेब्रुवारी

चि. मुलीस,
कागदवाल्याचे आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही, आवक-जावकच्या चिठ्ठ्या तेवढ्या लिहितो. फोनवर घाईत सांगितलं ते नीट लिहितो, गोड मानून घे.

तुझा फोन आला तसा मी वर गेलो. ताई दाबयंत्राला टेकून उभ्या होत्या आणि चेहरा खळीसारखा पांढरा. मी निघायला सांगितलं तर म्हणाल्या, हातातलं पुस्तक पुरं होऊ दे. मी ते पुस्तक काढून घेतलं. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या कामाला हात लावला, पोरी, आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच आजारी पडायचो.

डॉक्टरांपुढे पिशवी ओतली. त्यांनी गुडघ्याचं पाकीट उचलून विचारलं, हे कुणी दिलं? ताई म्हणाल्या, मी माझं विकत घेतलं. रक्ताचा अहवाल तासाभरात आला. मूत्रपिंडाचा आकडा, म्हणजे रक्तात न गाळता राहिलेली घाण, असायला हवा त्याच्या तिप्पट, आणि पोटॅशियम म्हणून काही असतं तेही चढलेलं. त्याने हृदयाचा ठोका चुकू शकतो म्हणाले. लगेच भरती करून घेतलं. दाबाची आणि पाण्याची गोळीही सध्या थांबवली आहे. यंत्रावर रक्त शुद्ध करावं लागेल का, हे तीन दिवसांत ठरेल असं म्हणाले.

तो तिसरा दिवस आज. सकाळपासून लघवी मोकळी झाली आणि पोटॅशियमही उतरलं. यंत्राचं नाव आता कुणी काढत नाही. ही बातमी मी आनंदाने लिहितोय. वाचताना तुलाही आनंदच होऊ दे. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडा गेला असता तर बोलण्यासारखं राहिलं नसतं.

तुला सुट्टी मिळत नाही हे ताईंना माहीत आहे. धावत येऊ नकोस असा निरोप आहे. मी रोज दोनदा जातो.

ओळख जुनी आहे, अशीच जुनी होत राहो.

तुझे,
कागदवाले


२३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

काकांचं पत्र आलं. तू डॉक्टरांना काय सांगितलंस तेही वाचलं. मला वाचवायला खोटं बोललीस, हे कळायला मला शिक्षण लागत नाही.

ते पाकीट मी दिलं होतं. तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होते आणि सगळं येतं असं वाटायचं. जेवणानंतर घे, एवढं ऐटीत सांगितलं. किती दिवस घ्यायची ते सांगितलं, पण तू दाबाची गोळी घेतेस का, हे विचारलंच नाही. एक प्रश्न, आत्या. आता तोच प्रश्न मी काचेच्या भोकातून दिवसभर विचारते.

काल आमच्या मुख्य बाईंकडे अर्ज दिला, की मला परत मागच्या खोलीत घ्या. खोकी कुठल्या गोळीचं नाव विश्वासाने जपून ठेवत नाहीत. बाईंनी कारण विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी अर्ज वाचला, खणात टाकला, सही केली नाही, आणि म्हणाल्या, की आठ दिवसांनी पुन्हा विचारेन.

तुझा आकडा रोज काकांकडून फोनवर कळतो. काल पुन्हा उतरला. तेवढ्यावर जेवते.

क्षमा मागायची तर या कागदाची पाठ पुरणार नाही. तरी तुझीच,
खारू


२ मार्च

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा.

घरी आले. आकडा जवळजवळ पूर्वीइतका झाला, राहिलेला महिनाभरात उतरेल म्हणाले. सूज गेली, जुन्या चपला पायात बसल्या. त्या जातीची वेदनाशामक गोळी मला जन्मभर वर्ज्य. फारच दुखलं तर साधी पॅरासिटामॉल, तीही मोजून, कारण ती जादा झाली तर यकृताला मारते. रोज सकाळी मांडीच्या व्यायामाला बसते. गुडघा ओरडतो, पण आता मी त्याचं ऐकते. उंच स्टुलावर बसून शिलाई करते. इतकी वर्षं हे का सुचलं नाही, असं मला विचारू नकोस.

ग्रंथपालांना निरोप पाठवला होता, की काम वेळेवर होणार नाही. ते स्वतः रुग्णालयात आले. म्हणाले, ही पुस्तकं ऐंशी वर्षं फाटून पडली होती, आणखी दोन महिने थांबतील. ज्या मुदतीपायी मी जीव टांगणीला लावला, ती वाढवून मिळते का हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

आता मुद्द्याचं. तू म्हणतेस मी तुला वाचवायला खोटं बोलले. वा गं शहाणे! खोटं बोलले खरी, पण ते आधी आणि वेगळंच. पाण्याची गोळी लिहून देताना डॉक्टरांनी मला विचारलं होतं, की आणखी काही घेता का? स्पष्ट विचारलं, त्या वेळी ऐकूही आलं. माझ्या पिशवीत ते पाकीट होतं. मी मान हलवून नाही म्हटलं. गुडघ्याचं सांगितलं असतं तर बसून राहा म्हणाले असते, आणि दोनशे बारा पुस्तकं हातची गेली असती. हे मी कागदवाल्यांनाही सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना परवा घरी सोडताना सांगितलं. त्यांनी ते फक्त कागदावर लिहून घेतलं. त्याचीच जास्त लाज वाटली.

तेव्हा नीट वाच. तुझा एक प्रश्न विचारायचा राहिला, हे खरं. त्याबद्दल तू रडलीस तेवढं पुरे. पण पाकिटात गोळ्या होत्या दहा, आणि सांगितले होतेस पाच दिवस. ते पाच दिवस तुझे. पुढची दोन वर्षं माझी आहेत. माझ्या कमाईवर तू हक्क सांगायला येऊ नकोस.

उद्या सकाळी बाईंच्या खणातून अर्ज काढ, फाड, आणि खिडकीत जाऊन बस. समोरच्याने मान हलवून नाही म्हटलं तर त्याला पिशवी उघडायला सांग.

लोभ कमी करायचा तुझा विचार दिसत नाही, माझाही नाही.

तुझी,
आत्या